पाण्यात थांबणारी घोडी

त्या मुलखात खोटं बोलणं हा गुन्हा होता. फक्त विकायला काढलेल्या घोड्याविषयी बोललेलं खोटं गुन्ह्यात धरत नसत.

हा अपवाद कोणी केला ते जुन्या माणसांनाही नीट सांगता येत नसे. काही म्हणत की कुणा राजाला आपला लंगडा घोडा विकायचा होता आणि त्याचाच कायदा त्याच्या आड येत होता. बाकी सगळीकडे नियम कडक होता. दुधात पाणी घालून ते निर्भेळ म्हणणाऱ्याला, शेजाऱ्यावर खोटा आळ घेणाऱ्याला, आजाराचं सोंग करणाऱ्यालाही तीन वर्षं गावाबाहेर राहावं लागे. पण आटलेल्या तळ्याच्या पांढऱ्या पात्रात एक दगडी कमान होती, तिच्या आत घोड्यांचा बाजार भरे, आणि कमानीच्या आत विकणाऱ्याच्या तोंडून जे निघे त्याला ‘वर्णन’ म्हणत. वर्णनावर खटला चालत नसे. ही वर्णनं बाजाराच्या लांब भिंतीवर गेरूने लिहिलेली असत, आणि लोक घोड्यांकडे जाण्याआधी त्या भिंतीपाशी जात.

भिवरा नावाची एक सुईण त्या बाजारात आली ती तिचं तट्टू म्हातारपणाने मेलं म्हणून. नदीच्या दोन्ही काठांवर मिळून अकरा वस्त्या होत्या, आणि त्यांतली निम्मीअधिक माणसं तिच्या हातांत जन्मलेली होती. तिचा हात हलका होता, पण लोक तिला मानत ते तिच्या बोलण्यामुळे. मूल आडवं असेल तर ती आडवं आहे म्हणे. धोका असेल तर धोका आहे म्हणे. घाबरलेल्या बाईला तिच्या त्या सरळ शब्दाचाच आधार वाटे.

कमानीतून आत गेल्यावर तिला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. दोनशे घोडे खुंट्यांना बांधलेले होते आणि एकही खिंकाळत नव्हता. एकाचीही शेपटी हलत नव्हती. माश्या डोळ्यांच्या कडांना बसल्या होत्या आणि डोळे मिटत नव्हते. माणसांचा मात्र गलबला चालला होता. भिवराला ते चमत्कारिक वाटलं, पण तिला दोन दिवसांत पैलतीरावर जायचं होतं. ती भिंतीपाशी गेली आणि वाचू लागली.

‘पांढरी घोडी. वय सात. स्वभावाने शांत. पाण्याची सवय. एकदा पाहिलेली वाट विसरत नाही. मालकीण थकल्यामुळे चांगल्या घरी देणे आहे.’

हे वर्णन हैबती नावाच्या सौदागराचं होतं. हैबती पन्नाशीचा, स्वच्छ कपड्यांतला, हळू आवाजात बोलणारा माणूस होता. त्याच्याविषयी एकच गोष्ट लोक सांगत, की तो कमानीबाहेर कधी पडत नाही. त्याचं राहणं, जेवण, झोप सगळं आतच होतं.

“या, भिवराबाई,” तो म्हणाला. त्याने नाव कुठून मिळवलं हे तिने विचारलं नाही. “तुमच्यासारखीच्या घरी ही जाईल तर माझ्या जिवाला बरं वाटेल. गिऱ्हाईकं खूप येतात, पण सगळ्यांना द्यावीशी वाटत नाही.”

“चावते का?”

“तोंडात हात घाला.”

तिने घातला. घोडीने नुसता श्वास सोडला.

“पाण्याला बुजते का?”

“बाई, पाण्यात उभी केली तर बाहेर यायचं नाव घेणार नाही,” हैबती हसून म्हणाला, आणि त्याने घोडीला गुळाची एक काळपट गोळी चारली. “एवढा एक लाड आहे. दिवसाला एक. आठ दिवसांच्या बांधून देतो बरोबर.”

भिवराने आपल्या दोन शेळ्या आणि कमरेचा चांदीचा पट्टा देऊन घोडी घेतली.

आठ दिवस घोडी खरोखर शांत होती. भिवरा तिच्यावर बसून उतारावरून गेली, अरुंद बांधावरून गेली, भुंकणाऱ्या कुत्र्यांमधून गेली. दुसऱ्याच दिवशी नदीही ओलांडली. घोडी खाली मान घालून पाण्यातून चालत राहिली, जणू तिला आपण पाण्यात आहोत हे ठाऊकच नव्हतं. वस्तीतली पोरं तिच्या पोटाखालून पळत. फक्त एका गोष्टीने भिवराला चुकल्यासारखं होई. ती घोडीच्या डोळ्यांत बघे तेव्हा तिला तिथे आपलं प्रतिबिंब दिसे, पण आपल्याकडे कोणी बघतंय असं वाटत नसे.

नवव्या दिवशी गुळाच्या गोळ्या संपल्या. दहाव्या दिवशी सकाळी घोडीने मान वर केली, कान टवकारले आणि पहिल्यांदा भिवराकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती, राग नव्हता, नुसता प्रश्न होता, की मी कुठे आहे.

त्याच दुपारी पैलतीरावरून बोलावणं आलं. केसर नावाच्या मुलीचं पहिलंच बाळंतपण होतं. भिवरा ताबडतोब निघाली. नदीला उताराची जागा एकच होती. तिथे पाणी घोड्याच्या पोटापर्यंत असे आणि ओढ जबर असे. घोडी काठाशी थबकली, मग आपण होऊन पाण्यात शिरली, मधोमध गेली, आणि थांबली.

भिवराने टाच मारली. मग लगाम ओढला. मग गोंजारलं, विनवलं, शेवटी काठीने मारलंही. घोडी हलली नाही. तिने मान वरच्या अंगाला वळवली होती, जिकडून पाणी येत होतं तिकडे, आणि दोन्ही कान पुढे करून ती ऐकत होती. तिच्या अंगावर बारीक काटा सारखा फुलत होता. भिवराला पोहता येत नव्हतं. उतरली असती तर वाहून गेली असती.

पैलतीर हाकेच्या अंतरावर होता. केसरची नणंद काठावर येऊन हाका मारत होती.

“आत्या, डोकं दिसायला लागलंय. काय करू सांगा.”

“मानेला नाळ आहे का बघ,” भिवरा ओरडून म्हणाली.

पाण्याच्या आवाजात ते पोचलं नाही. नणंद पुन्हा आत पळाली. घरातून केसरचं ओरडणं येत होतं. ऊन समोरच्या दरडीवरून हळूहळू वर सरकत गेलं. मग ओरडणं थांबलं, आणि त्यानंतर जो आवाज यायला हवा होता तो आला नाही. घोडी ऐकत राहिली. भिवराही ऐकत राहिली. त्या दोघी सारख्याच ताठ होऊन न येणाऱ्या आवाजाला कान लावून होत्या, हे पुढे पुष्कळ दिवस भिवराच्या मनातून गेलं नाही.

दिवस कलल्यावर घोडी आपण होऊन चालू लागली.

मूल दारातल्या सुपात ठेवलेलं होतं. मानेभोवती नाळेचे दोन वेढे होते. भिवराने ते सोडवले. चार बोटांचं काम होतं, एका क्षणात झालं.

“आधी आले असते तर वाचलं असतं,” ती केसरला म्हणाली.

नणंद दबकून म्हणाली, “आत्या, तिला आत्ता हे कशाला सांगता?”

“तिला कळायला हवं की तिच्याकडून काही चुकलं नाही.”

केसरने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी घोडीच्या पायांवरचा रंग सुटू लागलेला दिसला, म्हणून भिवराने तिला ओढ्यावर नेऊन राखेने घासून धुतलं. पांढरा रंग पाण्याबरोबर वाहून गेला. तो चुना आणि तांदळाची पेज होती. खाली विटकरी रंगाची, गुडघ्यांवर जुन्या जखमांचे वण असलेली, म्हातारी घोडी निघाली. तिचे दात कानशीने घासलेले होते. सात वर्षांच्या घोडीच्या दातांत जो खळगा दिसतो तो तापल्या सळईने कोरलेला होता. कानात एक डाग होता, मेणाने बुजवलेला. मेण काढल्यावर कुंभाराच्या चाकाची खूण दिसली.

चाकाची खूण वरच्या अंगाला राहणाऱ्या तुळाजी कुंभाराची होती. भिवरा घोडीला हाताशी धरून दिवसभर नदीकाठाने चालत त्याच्या घरी गेली.

तुळाजी अंगणात बसला होता. घोडी दिसताच तो उठून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“सुरेख घोडी,” तो म्हणाला. “खोड काही नाही.”

“तुळाजीबाबा, ही तुमचीच ना? पाण्यात थांबते ही.”

“पाण्याची सवय आहे तिला. चांगली सवय आहे.” तो हे बोलत होता आणि आपलंच तोंड हाताने दाबू पाहत होता. “या. घर प्रशस्त. वारा चांगला. माणसं आनंदी.”

घराचं छप्पर अर्धं खचलेलं होतं. आत तुळाजीची बायको मंजुळा अंथरुणावर पडली होती. तिचं अंग तापाने पेटलं होतं.

“केव्हापासून आहे हा ताप?” भिवराने विचारलं.

“तब्येत ठणठणीत,” दारात उभा असलेला तुळाजी म्हणाला. “वय पंचवीस. कधी आजारी नाही.”

“त्यांचं ऐकू नका, बाई,” मंजुळा खालच्या आवाजात म्हणाली. “त्यांना तसं म्हणायचं नसतं. दोन सालांपूर्वी त्यांनी कमानीच्या आत या घोडीचं वर्णन केलं. एकच वाक्य म्हणायचं होतं, पाण्याची सवय आहे, एवढंच. घरी आले आणि मी विचारलं, दमलात का? तर म्हणाले, ताजातवाना. मला वाटलं थट्टा करतात. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून दुसरं काही येत नाही. आत सगळं कळतं त्यांना. परवा वैद्याला आणायला गेले होते. वैद्य म्हणाला, बायको ठणठणीत असल्यावर मी कशाला येऊ?”

भिवराने तिच्या कपाळावर ओली घडी ठेवली. “आणि ही पाण्यात का थांबते, तेवढं सांगा.”

“हिचं शिंगरू होतं. नदी उतरताना हिच्या मागून येत होतं. मधोमध पाय सुटला आणि गेलं. आम्ही खालच्या अंगाला शोधलं. ही मात्र वरच्या अंगाला बघत राहिली. पाणी तिकडून येतं ना. तिला वाटत असावं, जे येतं ते तिकडूनच येतं. त्यानंतर पाण्यात शिरली की थांबते. तिचं ऐकून झालं की चालते. त्याच्या आधी नाही.”

अंगणातून तुळाजीचा आवाज येत होता. तो घोडीच्या मानेला मिठी मारून म्हणत होता, “चांगल्या घरी देणे आहे, चांगल्या घरी देणे आहे,” आणि हुंदके देत होता.

भिवरा तीन दिवस तिथे राहिली. मंजुळाचा ताप उतरल्यावर ती निघाली. वाटेत तिला स्वतःचीच भीती वाटू लागली होती. घोडी ठेवून घ्यायची तर वेळेवर कुठे पोचता येणार नव्हतं. विकायची तर कमानीच्या आत उभं राहून काहीतरी बोलावं लागणार होतं, आणि मग एखाद्या अडलेल्या बाईपाशी बसून आपल्या तोंडून निघालं की सगळं उत्तम आहे, तर? तिने ठरवलं की घोडी हैबतीला परत करायची.

हैबतीने धुतलेली घोडी पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

“मी म्हणालो होतो, शांत आहे. लाथ मारली का तिने?”

“नाही.”

“मी म्हणालो होतो, वाट विसरत नाही. विसरली का?”

“नाही विसरली.”

“पाण्यात उभी केली तर बाहेर यायचं नाव घेणार नाही, हे तर मी हसत हसत तुम्हाला सांगितलं होतं.” तो जवळ आला. “बाई, परत घेत नाही मी. पण ही जागा सगळ्यांची आहे. इथे उभ्या राहा आणि विका. रंग मी देतो, गोळ्या देतो, चार शब्दही देतो.”

“शब्द माझे आहेत,” भिवरा म्हणाली.

ती घोडीला घेऊन मोकळ्या जागेत उभी राहिली. भोवती माणसं जमली. तिने नेहमीच्या आवाजात, जसं एखाद्या घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगावं तसं सांगितलं.

“ही घोडी म्हातारी आहे. हिचे दात घासलेत. ही पाण्यात थांबते. हिच्यामुळे माझा उशीर झाला आणि एक बाळ गेलं.”

मग एक उसासा सगळ्यांच्या तोंडून एकदम निघाला. तो हळहळीचा नव्हता. पहिल्यांदा पक्वान्न चाखणाऱ्याच्या तोंडून निघतो तसा होता.

“मी घेतो,” डोंगराकडून आलेला रायाजी नावाचा माणूस म्हणाला. तो आपल्या बहिणीसाठी घोडी बघायला आला होता, आणि बहिणीला सातवा महिना होता.

“तुम्ही ऐकलंत का मी काय म्हणाले?”

“ऐकलं तर. घोडी उत्तम आहे म्हणालात.”

“मी म्हणाले, ती पाण्यात थांबते.”

“म्हणजे विचारी आहे. उगाच धावत सुटत नाही.”

“एक बाळ गेलं, म्हणाले मी.”

“बघा ना,” रायाजी भरल्या डोळ्यांनी बाजूच्या माणसाला म्हणाला, “इतकं कोण सांगतं? एवढं सांगणाऱ्या बाईची घोडी वाईट कशी असेल?”

दुसऱ्या कोणी अधिक देऊ केलं. तिसऱ्याने त्याहून अधिक. भिवरा पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, आणि प्रत्येक वेळी माणसं आणखी पुढे सरकली. कोणी तिच्या पदराला हात लावून नमस्कार केला. घोडीकडे कोणी बघत नव्हतं. सौदागरांच्या रांगेत हैबती एकटाच निश्चल उभा होता. त्याचे ओठ हळूहळू हलत होते, पाठ करणाऱ्या माणसाचे हलतात तसे.

शेवटी भिवराने रायाजीचा दंड धरून त्याला कमानीबाहेर आणलं आणि तेच शब्द, त्याच क्रमाने, पुन्हा सांगितले. बाहेरच्या उन्हात त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“म्हणजे ती खरंच थांबते?”

“हो.”

“आणि बाळ?”

“माझ्या हातांनी मी त्याच्या मानेभोवतीची नाळ सोडवली. उशिरा.”

“आत हेच ऐकताना किती बरं वाटत होतं,” रायाजी म्हणाला. मग त्याने कमानीकडे पाहिलं, थोडा घुटमळला, आणि परत आत गेला.

भिवराने घोडी विकली नाही. त्यानंतर कुठल्याही वस्तीत कुणाला नववा महिना लागला की ती आधीच तिथे जाऊन राहू लागली. घोडीवर ती बसत नसे. फक्त नदी उतरताना बसे, आणि मधोमध घोडी थांबली की तीही थांबे. कधी अर्धा दिवस जाई. एकदा अशीच बसलेली असताना तिने सहज घोडीच्या मानेवर हात ठेवला, तर घोडीने पहिल्यांदा वरच्या अंगाला लावलेले कान तिच्याकडे वळवले. त्या दिवशी त्या दोघी लवकर पार झाल्या. पण तसं नेहमी होत नसे.

चार महिन्यांनी भिवरा आटलेल्या तळ्यावरून चालली होती. बाजार भरला होता, आणि तिथून तिला आपलेच शब्द ऐकू आले. ती कमानीशी थांबली.

भिंत नव्याने लिहिलेली होती. ‘पांढरी’, ‘शांत’, ‘वय सात’ सगळं पुसलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेरूने एकच मजकूर होता. म्हातारी आहे. दात घासलेत. पाण्यात थांबते. एक बाळ गेलं. त्याखाली तरणी, तकतकीत जनावरं ओळीने उभी होती, डोळे उघडे ठेवून, आवाज न करता. काहींना पाय धड टेकवता येत नव्हते, पण त्याविषयी भिंतीवर काही नव्हतं.

प्रत्येक सौदागर मांडी घालून बसला होता आणि प्रत्येकाच्या मांडीवर दुपट्याची एक लहान गुंडाळी होती. हैबतीची गुंडाळी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मळकी होती. त्याच्यापुढे सगळ्यांत लांब रांग होती. तो हळू आवाजात ते चार शब्द म्हणे, अचूक ठिकाणी थांबे, आणि त्या थांबण्यात गर्दीचा श्वास अडके.

रांगेतलं पहिलं गिऱ्हाईक एक पोटुशी बाई होती. तिने घोड्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती वाकली, दुपट्याचं टोक उचलून तिने आत बघितलं. आत काही नव्हतं. तिने ते टोक हळुवार पुन्हा झाकलं, डोळे पुसले आणि होकारार्थी मान हलवली.

त्या बाजारात भाव नेहमी रुमालाखाली, बोटं दाबून ठरत असे. हैबतीने रुमाल काढला नाही. त्याने गुंडाळी थोडी पुढे केली. बाईने एका बाजूने हात आत घातला, त्याने दुसऱ्या बाजूने घातला, आणि मांडीवरचं ते मळकं दुपटं आतून हलू लागलं.